नळदुर्गचा साहेब आणि त्याचे खबरे

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा निजामाच्या चाकरीत आयुष्य घालवलेला इंग्रज अधिकारी आणि सहा कादंबऱ्यांचा लेखक. सोलापूरच्या आसपास त्याचे नाव निघते ते नळदुर्गच्या किल्ल्यात राहिलेला साहेब म्हणून. त्याने कादंबऱ्या लिहिल्या हे थोड्यांना ठाऊक असते आणि त्या वाचलेले तर फारच थोडे. हेरकथेचा इतिहास सांगणारे सहसा फेनिमोर कूपरच्या १८२१ सालच्या ‘द स्पाय’पासून सुरुवात करतात आणि किपलिंगचा ‘किम’ (१९०१), अर्स्किन चिल्डर्सचे ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) असे करत विसाव्या शतकात येतात. या यादीत टेलर नसतो. पण वेषांतर, चोरून नेलेली पत्रे, फितुरी, पाळत, माफीच्या साक्षीदाराची जबानी या ज्या गोष्टींवर पुढे हेरकथा उभी राहिली, त्या सगळ्यांवर टेलरच्या कथानकांची भिस्त आहे. दुसऱ्यांची पुस्तके वाचून त्याने त्या उचलल्या नव्हत्या. तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूर, विजापूर या पट्ट्यातली पोलिसी आणि मुलकी नोकरी करता करता त्या त्याच्या हाती लागल्या.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला झाला. वडील व्यापारी. त्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा मुलाचे शिक्षण अर्धवट सुटले. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे धाडण्यात आले. वयात आल्यावर पेढीत भागीदारी मिळेल, असे वचन होते. १ सप्टेंबर १८२४ रोजी पोरगा मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि पाहतो तर पेढीच डबघाईला आलेली. मुंबई सरकारातले एक वरिष्ठ अधिकारी न्यूनहॅम हे आईकडून नात्यातले. त्यांनी खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. सोळा वर्षांचा टेलर औरंगाबादला रुजू झाला.

या नोकरीचा एक तोटा त्याला जन्मभर भोवला. निजामाच्या फौजेतला अधिकारी हा कंपनीच्या सनदी नोकरांच्या पंगतीत बसत नसे. बढती, पगार, मानमरातब या सगळ्यांतच तो एक पायरी खाली. कामाचा कितीही डोंगर उपसला तरी लंडनहून परीक्षा देऊन आलेला कोवळा मुलगा त्याच्या डोक्यावर बसू शके. मात्र हीच नोकरी लेखकाच्या फार उपयोगी पडली. छावणीतल्या इंग्रज समाजापासून दूर, देशी शिपाई, कुळकर्णी, देशमुख, सावकार, फकीर यांच्यात त्याचे दिवस गेले. फारसी आणि हिंदुस्थानी तो मुनशीकडून शिकला, मराठी कामाच्या ओघात. शाळा सुटलेल्या या मुलाचे खरे शिक्षण चावडीवर झाले.

वयाची विशी ओलांडण्याआधीच त्याला निजामाच्या मुलखातल्या नैर्ऋत्य भागात पोलिसांच्या साहाय्यक अधीक्षकाची जागा मिळाली. मुलूख मोठा, हाताखालचे शिपाई थोडे, आणि न्यायनिवाडा, दरोड्यांचा तपास, बाजाराची मापे तपासणे, सगळे एकाच माणसाकडे. अशा ठिकाणी बंदुकीपेक्षा खबर अधिक कामाची. कोणत्या गढीत कोण उतरले आहे, कोणता पाटील दरोडेखोरांना भाकरी पोचवतो, कोणता सोनार चोरीचा माल वितळवतो, हे सांगणारी माणसे राखावी लागत. त्यांच्या बोलण्यातले खरे किती, खोटे किती आणि जुन्या वैरापोटी सांगितलेले किती, हे निवडावे लागे. टेलरच्या कादंबऱ्यांतली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची बातमी कुणातरी अविश्वासू माणसाच्या तोंडून येते. ही सवय त्याला या दिवसांत लागली असावी.

याच काळात त्याच्या हद्दीत रस्त्याकडेला पुरलेली प्रेते सापडू लागली. अंगावर जखम नाही, नाव-गाव कळायला मार्ग नाही, तक्रार घेऊन येणारे कुणी नाही. व्यापाऱ्यांच्या म्हणून काही टोळ्या त्या वाटेने गेल्या होत्या, एवढाच सुगावा. टेलर माग काढत असतानाच १८२९ साली हैदराबादेत निजाम बदलला. नव्या निजामाने मुलकी कारभारातले इंग्रज अधिकारी काढून घेण्याची मागणी केली, ती मान्य झाली आणि टेलरला पलटणीत परत जावे लागले. थोड्याच काळात जबलपूरकडे विल्यम स्लीमनने ठगांचे सगळे प्रकरण उजेडात आणले. आणखी काही महिने मिळाले असते तर हा शोध आपल्या नावावर लागला असता, ही हळहळ टेलरने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही लपवलेली नाही.

स्लीमनची पद्धत साधी आणि भयंकर होती. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यायचे, त्या बदल्यात त्याने साथीदारांची नावे, खुनांच्या जागा आणि प्रेते पुरलेली ठिकाणे सांगायची. एकाच्या जबानीवरून दहा पकडायचे, त्या दहांतले दोन फोडायचे. ठगांची बोली ‘रामसी’, तिचा कोश स्लीमनने १८३६ साली छापला. त्यातले शब्द पाहिले तर ठगांची टोळी ही एक हेरखातेच होती, असे वाटते. वाटसरूंशी गोड बोलून त्यांना टोळीत सामील करून घेणारा तो सोठा. रुमालाने गळा आवळणारा तो भुत्तोट. खड्डे खणणारे ते लुघा. पुढे जाऊन टेहळणी करणारे, सावजाची खबर काढणारे ते तिल्हाई. काम उरकण्याची घटका आली की दिली जाणारी इशारत म्हणजे झिरनी, आणि ती बहुधा तंबाखू मागण्यासारख्या अगदी घरगुती वाक्यात लपवलेली. प्रत्येकाचे काम ठरलेले, प्रत्येकाचे सोंग ठरलेले.

१८३०नंतर ही धरपकड हैदराबाद संस्थानात पोचली, तेव्हा ठगांच्या जबान्या लिहून घेण्याच्या कामी टेलरचा उपयोग झाला. त्याला भाषा येत होत्या आणि ऐकण्याची चिकाटी होती. समोर बसलेल्या माफीच्या साक्षीदारांत अमीर अली नावाचा एक होता. दिसायला देखणा, बोलण्यात अदबशीर, आणि आपल्या हातून ७१९ माणसे मारली गेल्याचे शांतपणे सांगणारा. पकडलो गेलो नसतो तर हजाराचा आकडा गाठला असता, अशी खंतही तो बोलून दाखवी. १८३३ साली टेलरने ठगांविषयीचे लेखन इंग्लंडला पाठवले आणि ते तिथल्या मासिकात छापले गेले. ते वाचून यावर कादंबरी व्हावी असे तिथल्या साहित्यिकांना वाटले. टेलर रजेवर मायदेशी असताना, १८३९ साली, लंडनच्या रिचर्ड बेंटलीने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ तीन खंडांत प्रसिद्ध केली. व्हिक्टोरिया राणीला पुस्तक बांधून होईपर्यंत धीर धरवेना, म्हणून तिने छापखान्यातले फर्मे मागवून घेतले, ही हकिकत त्या काळी बरीच गाजली.

पुस्तकाची घडण पाहण्यासारखी आहे. तुरुंगात बसलेला अमीर अली एका साहेबाला आपली कहाणी सांगतो आहे, एवढीच चौकट. साहेब मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, कधी शहारतो, पण त्याचे अस्तित्व जेमतेम जाणवावे इतकेच. बाकी सारे पुस्तक खुन्याच्या तोंडून. लहानपणी त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि त्याच टोळीतल्या इस्माईलने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. आपला बाप आपल्या जन्मदात्यांचा मारेकरी आहे, हे त्याला फार उशिरा कळते. तोवर त्याच्या हातून एक तरुण स्त्री मारली गेलेली असते. तिच्या गळ्यातल्या ताइतावरून ती आपली सख्खी बहीण होती, हेही त्याला उमगते. हैदराबादपासून उमरखेड, एलिचपूर, नागपूरपर्यंतच्या वाटा, सरायांतल्या रात्री, पेंढाऱ्यांच्या चित्तूबरोबरची लुटालूट, हे सारे तो इतक्या रंगतीने सांगतो की वाचणारा नकळत त्याच्या बाजूला झुकतो. पुढचा वाटसरू निसटला तर? अशी काळजी आपल्याला वाटू लागते, आणि मग आपण कुणासाठी काळजी करतो आहोत हे ध्यानात येते. गुन्हेगाराच्या डोक्यात वाचकाला नेऊन बसवण्याची ही युक्ती १८३९ साली इंग्रजी कादंबरीत फारशी रुळलेली नव्हती. वर्षानुवर्षे खोटे नाव घेऊन जगणाऱ्या माणसाने अखेर चौकशी अधिकाऱ्यापुढे बसून सगळे सांगायचे, हा साचा पुढे शीतयुद्धाच्या काळातल्या हेरकादंबऱ्यांनी पुन्हा पुन्हा वापरला.

या पुस्तकाच्या खरेपणाबद्दल मात्र आज तितकी खात्री उरलेली नाही. इतिहासकार मार्टिन फान वर्केन्स, किम वॅगनर आदींनी ठगीच्या कागदपत्रांची पुन्हा छाननी केली. वाटमारी होती, गळा आवळून खून होत होते, यात वाद नाही. पण देवीच्या आज्ञेने खून पाडणारा, देशभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा एकच गुप्त पंथ हे चित्र माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून तयार झाले होते. त्या जबान्या द्यायला साक्षीदारांना सबळ कारण होते. सांगण्याजोगे जोवर शिल्लक आहे तोवर मान शाबूत. विचारणाऱ्या साहेबांनाही नवे खाते, नवे अधिकार, नवे कायदे मिळवायचे होते. १८३६च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. टेलर या व्यवस्थेच्या आतला माणूस होता आणि तिच्यावर त्याने कधी संशय घेतलेला दिसत नाही. तरी त्याचा अमीर अली साहेबाला सुखवण्यासाठी किती रंगवून सांगतो आहे, हा प्रश्न पुस्तक वाचताना मनात येतो. लेखकाला अभिप्रेत असो वा नसो, पुस्तकाची गोडी त्यानेही वाढते.

टेलरच्या घरगुती आयुष्याचा धागा पुण्यापर्यंत जातो. त्याची बायको मेरी ही हैदराबादचे प्रसिद्ध पेढीवाले विल्यम पामर यांची मुलगी. विल्यम यांचे वडील जनरल पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पेशव्यांच्या दरबारी पुण्याचे रेसिडेंट होते, आणि आई फैज बक्ष बेगम ही हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे टेलरची सासुरवाडी अर्धी देशी. मेरी लवकर वारली. पुढे त्याच्या कादंबऱ्यांत परजातीत, परधर्मात लग्न करणारी जोडपी वारंवार येतात. त्यामागे हे घर असावे, असे मानायला जागा आहे.

‘टिपू सुलतान’ ही दुसरी कादंबरी १८४० साली आली आणि त्यानंतर तेवीस वर्षे टेलरने कादंबरी छापली नाही. मात्र लंडनच्या ‘टाइम्स’ला तो हिंदुस्थानातून बातमीपत्रे पाठवत राहिला. १८४१ साली त्याला शोरापूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या सुरपूरला, नेमण्यात आले. बेरड नायकांचे हे छोटे संस्थान कर्जात बुडालेले आणि आपसातल्या भांडणांनी पोखरलेले. गादीवरचा वेंकटप्पा नायक अजाण, कारभार हाती राखू पाहणारी राणी ईश्वरम्मा जिद्दी. टेलरने बारा वर्षे तिथे काढली, कर्ज फेडले, घर बांधले. बालराजा वेंकटप्पा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे.

१८५३ साली ईस्ट इंडिया कंपनीने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा पट्टा लिहून घेतला. नळदुर्ग जिल्हा टेलरच्या ताब्यात आला. सोलापूर १८१८पासून इंग्रजांकडे होतेच, आता पूर्वेला लागून असलेला मुलूखही त्यांचा झाला. टेलरने मुक्कामासाठी किल्लाच निवडला. बोरी नदीला बांध घालून तिचे पाणी किल्ल्याच्या खंदकासारखे वापरण्याची ही आदिलशाही रचना आणि त्या बांधाच्या पोटातला पाणीमहाल दख्खनच्या स्थापत्यात एकमेव म्हणावा असा. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बांधावरून कोसळू लागले की आजही सोलापुराकडून गाड्यांची रीघ लागते. टेलरला बांधकामांची चित्रे काढायचा नाद होता. विजापूरच्या इमारतींच्या छायाचित्रांचा जो मोठा ग्रंथ १८६६ साली लंडनला निघाला, त्याचा मजकूर त्याने लिहिला. शोरापूरच्या आसपासच्या महापाषाणी दफनांवरचे त्याचे निबंधही अभ्यासकांना उपयोगी पडले.

नळदुर्गात मुख्य काम मोजणीचे. जमिनीची पाहणी, सारा ठरवणे, रस्ते, फौजदारी निवाडे. रीतसर शिकलेला मोजणीदार हाताशी नसताना त्याने गावच्याच पोरांना साखळी धरायला शिकवले. तुळजापूर याच जिल्ह्यातले. भवानीचे मंदिर, भोपे, आराधी, गोंधळी, देवीला वाहिलेल्या मुरळ्या, नवरात्राची गर्दी, हे सगळे त्याने आधी पोलीस अधिकारी असताना आणि आता जिल्ह्याचा मुख्य म्हणून पाहिले. किपलिंगच्या ‘किम’मधला कर्नल क्रेटन हा भूमापन खात्याच्या आडून हेरखाते चालवतो आणि फावल्या वेळात विद्वान मंडळींत नाव व्हावे म्हणून झुरतो. टेलर हेरखात्यात नव्हता. पण मोजणी, पुराणवस्तू, लोकांच्या चालीरीती आणि खबर या चारही गोष्टी एकाच टेबलावर येणारा साहेब कसा असतो, हे समजून घ्यायचे तर नळदुर्गचा टेलर क्रेटनपेक्षा खरा आहे.

१८५७ साली उत्तरेकडून उठावाच्या बातम्या येऊ लागल्या. टेलरला वऱ्हाडात धाडण्यात आले. सोबत फौज दिली नाही, आहे त्यात टिकून राहा, असा निरोप. त्याने तो मुलूख शांत राखला, आणि पुढे मध्य हिंदुस्थानात निघालेल्या इंग्रज फौजेला बैल आणि सामानही पुरवले. या काळात खरा घाव बसला तो शोरापूरला. तरुण वेंकटप्पा नायक फेब्रुवारी १८५८मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. लढाईत कॅप्टन न्यूबेरी मारला गेला, राजा हैदराबादला पळाला आणि पकडला गेला. तुरुंगात त्याच्याकडून कटाची माहिती काढायला टेलरलाच जावे लागले. आत्मचरित्रातला हा भाग सगळ्यांत हृदय हेलावणारा आहे. राजाने ‘अप्पां’ना पाहून रडून घेतले. तोफेच्या तोंडी द्या, पण दरोडेखोरासारखे फासावर चढवू नका, एवढेच त्याने मागितले. शिक्षा कमी होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली. कैदेसाठी चिंगलपेटकडे नेताना वाटेतच, बरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. अपघात की आत्महत्या, कुणी सांगू शकले नाही. चोविसाव्या वर्षी मृत्यू, असे त्याच्या पत्रिकेत होते, हे टेलरला फार पूर्वी सांगण्यात आले होते. ज्याला मुलासारखे वाढवले त्याच्यासमोर चौकशी अधिकारी म्हणून बसण्याचा हा प्रसंग टेलरने कादंबरीत कधी वापरला नाही. कदाचित ते त्याच्याने झालेही नसते.

१८६० साली रेल्वे सोलापुरात पोचली, नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत करण्याचा करार झाला, आणि प्रकृती ढासळलेला टेलर इंग्लंडला परतला. तिथे त्याने जे पहिले मोठे पुस्तक लिहिले ते ‘तारा’. या कथेचा आराखडा त्याने एडिंबरोच्या प्राध्यापक विल्सनना १८३९च्या सुमारास ऐकवला होता. म्हणजे जवळजवळ दोन तपे ती त्याच्या डोक्यात मुरत होती. १८६३ साली ती तीन खंडांत आली.

‘तारा’चा काळ १६५७च्या सुमाराचा आणि कथा सुरू होते ती तुळजापुरात. तारा ही व्यास शास्त्रींची मुलगी, बालविधवा, संस्कृत शिकलेली. ती भवानीच्या सेवेला वाहून घेते. तिच्यावर मोरो त्रिमल नावाच्या ब्राह्मणाची वाईट नजर. हा मोरो शिवाजी महाराजांचा गुप्त हस्तक आहे, गावोगाव फिरून माणसे जोडतो आहे. दुसऱ्या बाजूला विजापूरच्या दरबारात वजिराचा मोगलांशी चोरून पत्रव्यवहार चाललेला. ती कागदपत्रे घेऊन निघालेला एक लाला, त्याला वाटेत गाठणारा पहाडसिंग नावाचा गढीवाला लुटारू, आणि त्या कागदांचा माग काढणारे दोन्ही-तिन्ही बाजूंचे लोक, अशी ही गुंतागुंत. अफझलखानाची तुळजापूरवरची चढाई, ताराचे खानाच्या छावणीत पोचणे, खानाचा मुलगा फाजल याच्याशी तिचे जडणे, प्रतापगडाखालची भेट, हे सारे या कारस्थानाच्या कडेने पुढे सरकते.

कथा म्हणून पाहिले तर ‘तारा’ पसरट आहे. वर्णने पानेच्या पाने चालतात, स्त्रिया फार बोलतात, आणि योगायोगांचा हिशेब ठेवावा तर दमछाक होते. पण कागद हातोहात फिरण्याचे सगळे प्रकरण आजही पकड घेते. एका कागदाची किंमत तो कुणाच्या हाती आहे यावर कशी बदलते, दूत आणि हेर यांत फरक किती थोडा, सरायेतला साधा दिसणारा माणूस नेमका कुणाचा, हे टेलरला सवयीने माहीत आहे. तुळजापूरच्या गल्ल्या, मंदिराच्या पायऱ्या, बालाघाटाचा उतार, हा भूगोलही त्याने नकाशात पाहून लिहिलेला नाही. या बारकाव्यांसाठी एखाद्या सोलापूरकराने ‘तारा’ चाळावी.

मराठी वाचकाला अडचण होते ती वेगळ्या ठिकाणी. मोरोपंत त्रिंबक पिंगळे हे स्वराज्याचे पेशवे. त्यांच्या नावाशी इतके मिळतेजुळते नाव टेलरने खलनायकाला दिले. अफझलखानाच्या वधाकडेही तो विजापूरच्या बाजूने पाहतो. त्या वेळी इंग्रजी जाणणाऱ्यांपुढे ग्रँट डफचा १८२६चा इतिहास होता आणि त्यातही भेटीचे चित्र असेच होते. शिवाय निजामाच्या मुलखात वाढलेल्या टेलरला दख्खनी मुसलमान सरदारांच्या घरांतली अदब जवळची होती. खानाच्या जनान्यातली दृश्ये पुस्तकात सर्वांत जिव्हाळ्याने लिहिलेली आहेत.

‘तारा’नंतर शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्याने दोन कादंबऱ्या आल्या. १७५७च्या प्लासीवरची ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) तिघींत सर्वांत फिकी. बंगाल टेलरने पाहिलेला नव्हता आणि ते जाणवते. १८५७वरची ‘सीता’ (१८७२) मात्र धीट पुस्तक आहे. एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने हिंदू विधवेशी लग्न केल्याची कथा बंडानंतर अवघ्या पंधरा वर्षांत इंग्रज वाचकांपुढे ठेवायची, याला धाडस लागते. यातला अझ्रएल पांडे हा साधू, शिपाई, दरोडेखोर अशी सोंगे पालटत उठावाचा निरोप पसरवणारा गुप्त हस्तक. टेलरच्या सगळ्या खलपुरुषांत तोच आजच्या हेरकथेत चपखल बसेल. मात्र उठावामागे लोकांच्या काय तक्रारी होत्या याचे उत्तर लेखक या एका माणसाच्या दुष्टपणात शोधतो, आणि तिथे त्याचा साहेबी चष्मा स्पष्ट दिसतो.

शेवटची ‘अ नोबल क्वीन’ ही चांदबिबीवरची. अहमदनगरची ही राजकन्या विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला, आणि त्या किल्ल्यावरून निजामशाही-आदिलशाहीची भांडणे पुढेही चालू राहिली. टेलरची कथा कृष्णेच्या काठच्या बेरडांच्या मुलखात, मुदगलच्या ख्रिस्ती वस्तीत आणि विजापूर-अहमदनगरच्या दरबारांत फिरते. ती छापून आली १८७८ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्याआधी १८६९मध्ये त्याला ‘स्टार ऑफ इंडिया’चा किताब मिळाला होता आणि १८७०मध्ये हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तकही त्याने लिहिले होते. नजर अधू होत असतानाच १८७५ साली तो पुन्हा हैदराबादला आला. इथे तापाने गाठले, दृष्टी गेली. परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंतों इथे १३ मे १८७६ रोजी त्याचा मृत्यू झाला. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र मुलगी अॅलिस हिने १८७७ साली प्रसिद्ध केले.

ठगी खात्याचे पुढे जे झाले त्यात टेलरच्या विषयाचा एक वेगळाच शेवट आहे. ठगी आणि डकैती खाते स्लीमननंतरही चालू राहिले. १८८७ साली राजकीय हालचालींची खबर ठेवण्यासाठी केंद्रीय विशेष शाखा निघाली, ती याच खात्याच्या प्रमुखाकडे सोपवली गेली. आजचा इंटेलिजन्स ब्युरो आपला जन्म त्याच वर्षाशी जोडतो. १९०४मध्ये ठगी खाते गुंडाळून त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे अन्वेषण खाते आले. सरायेतल्या वाटमाऱ्यांसाठी बसवलेली जबान्यांची, नोंदवह्यांची आणि फितूर साक्षीदारांची यंत्रणा अशी क्रांतिकारकांच्या मागावर गेली. इंग्रजी कादंबरीनेही हा विषय सोडला नाही. जॉन मास्टर्सच्या १९५२ सालच्या ‘द डिसीव्हर्स’मध्ये एक इंग्रज अधिकारीच ठगाचे सोंग घेऊन टोळीत शिरतो आणि त्यावर १९८८ साली चित्रपटही निघाला. अमीर अलीला बोलू देण्याचे टेलरचे धाडस मात्र तिथे नाही. तिथे सोंग घ्यायचा मान साहेबाचा.

मराठीत टेलर आला तो हरिभाऊ आपट्यांच्या हातून. १८९०च्या सुमारास त्यांनी ‘टिपू सुलतान’वरून ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली आणि ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेला ते लागले. ‘तारा’ला त्यांनी हात लावला नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षांत ‘उषःकाल’ आली. काळ बहुतेक तोच, मुलूख विजापूरच्या अमलाखालचा, गुप्त भेटी, भुयारे, वेष पालटून फिरणारी माणसे हीही सगळी आहेत. फक्त या वेळी चोरवाटेने येणारा माणूस शिवाजी महाराजांचा आहे म्हणून वाचक त्याची वाट पाहतो, आणि विजापूरच्या चाकरीत मुरलेल्या किल्लेदाराचा मुलगा बापाचे न ऐकता त्यांना जाऊन मिळतो.